स्मार्ट बोर्ड, सहायिका की शिक्षकांचा दीड तास: शिक्षणावरील खर्चाची तुलना कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेला सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून, तीस लाख रुपये मिळणार आहेत. तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या ४० शाळा निवडल्या असून तिसरी ते पाचवीची मिळून सुमारे २,००० मुले आहेत. प्रत्येक शाळेला स्मार्ट बोर्ड द्यावा, गावातील शिकलेल्या मुलींना मानधनावर सहायिका म्हणून नेमावे, की असलेल्या शिक्षकांनाच प्रशिक्षण द्यावे, असे तीन पर्याय समोर आहेत. मुलांच्या वाचन-गणितात सर्वाधिक फरक कशाने पडेल आणि त्याचा दर कसा काढावा, असे प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे.

आधी दर म्हणजे काय ते स्पष्ट करतो. एखाद्या उपक्रमाने मुलांचे गुण किती वाढले, हे अभ्यासक बहुधा प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याच्या मापाच्या) एककात मांडतात. गुणांच्या क्रमवारीत बरोबर मध्यावर असलेले मूल ०.१ प्रमाण विचलनाने पुढे सरकले, तर शंभरांत खालून पन्नासाव्या क्रमांकावरून साधारण चौपन्नाव्यावर जाते, आणि ०.२८ ने सरकले तर एकसष्टाव्यावर. प्रति मूल प्रति वर्ष खर्चाला या वाढीने भागले की अमुक इतकी प्रगती किती रुपयांना पडली, हे कळते. भागाकार सोपा आहे. घोळ होतो तो भाज्यात आणि भाजकात काय धरायचे, यात.

या विषयातील सर्वांत उपयोगी उदाहरण अंशतः आपल्याच राज्यातले आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांमध्ये शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी कार्यक्रम चालू असताना अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी त्याची पाहणी केली. कोणत्या शाळेला बालसखी द्यायची, हे जवळपास चिठ्ठ्या टाकून ठरवले होते, त्यामुळे आधीच चांगल्या असलेल्या शाळांचे श्रेय कार्यक्रमाच्या खात्यात जमा होण्याचा प्रश्न नव्हता. तिसरी-चौथीतील मागे पडलेली साधारण वीस मुले वर्गातून बाजूला काढून वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी रोज दोन तास त्यांच्याकडून अक्षरे, शब्द, बेरीज-वजाबाकी पक्की करून घेत असे. तिला महिन्याला ५०० ते ७५० रुपये मिळत. दुसऱ्या वर्षाअखेर या शाळांतील सर्व मुलांची सरासरी ०.२८ प्रमाण विचलनाने वर गेली आणि ही वाढ मुख्यतः तळाच्या मुलांनी मिळवलेली होती. त्याच सुमारास वडोदऱ्यात गणिताच्या संगणकीय खेळांचा दुसरा उपक्रम झाला, त्यात गणिताचे गुण ०.४७ ने वाढले.

नुसता परिणाम पाहणारा माणूस येथे संगणकाच्या बाजूने कौल देईल. आता खर्च पाहा. बालसखीचा खर्च प्रति मूल प्रति वर्ष सुमारे १०७ रुपये होता. संगणकाचा, यंत्रांची किंमत पाच वर्षांवर विभागूनही, सुमारे ७२२ रुपये. वरच्या पद्धतीने भागाकार केला तर ०.१ इतक्या प्रगतीला बालसखीत सुमारे ३८ रुपये पडतात आणि संगणकात १५४. त्यातही संगणकाचा लाभ गणितापुरता होता, भाषेत तो दिसला नाही. या संशोधकांनी स्वतः काढलेला निष्कर्ष असा की, बालसखीचा विस्तार करणे हे संगणकाच्या विस्तारापेक्षा पाच ते सात पट किफायतशीर ठरेल.

हे आकडे आज जसेच्या तसे उचलू नयेत. मानधन तेव्हाचे आहे. शिवाय वडोदऱ्यातील बहुतेक शाळांना गुजरात शासनाने २००० मध्येच संगणक दिले होते आणि ते पडून होते. ज्याच्या शाळेत यंत्रे आधीच धूळ खात आहेत, त्याच्यासाठी यंत्राची किंमत खर्चात धरण्याचे कारण नाही, कारण तो पैसा गेलेला आहे. त्याने फक्त सॉफ्टवेअर, वीज, दुरुस्ती आणि देखरेख करणारा माणूस एवढेच मोजावे. नव्याने यंत्रे घेणाऱ्याने मात्र सगळे मोजले पाहिजे. एकाच उपक्रमाचे दोन शाळांतील दर त्यामुळे पूर्ण वेगळे येऊ शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. महाराष्ट्रात लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग उभे राहिलेल्या शाळा पुष्कळ आहेत. आपल्या ४० पैकी किती शाळांत टीव्ही किंवा प्रोजेक्टर आहे आणि तो आठवड्यातून किती तास चालू असतो, याची यादी करणे हे पहिले काम समजावे. शाळेच्या कार्यालयातील कपाटात अजून पुठ्ठ्याच्या खोक्यात असलेली यंत्रेही या यादीत यावीत.

याच अभ्यासातील एक निरीक्षण फार कमी उद्धृत होते. मागे पडलेली वीस मुले बालसखीकडे गेल्यावर मूळ वर्गातील पटसंख्या कमी झाली, शिक्षकावरचा भार हलका झाला. तरीही वर्गात उरलेल्या मुलांचे गुण वाढले नाहीत. म्हणजे शिकवण्याची पद्धत तीच ठेवून नुसता पट घटवण्यातून लाभ झाला नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे झालेल्या मोठ्या प्रयोगात १३ ते १७ मुलांच्या वर्गांना २२ ते २५ मुलांच्या वर्गांपेक्षा लक्षणीय फायदा झाला होता हे खरे आहे, पण वर्ग इतके लहान करायचे तर शिक्षक आणि खोल्या दोन्ही वाढवाव्या लागतात आणि खर्चाचा आकडा फार मोठा होतो. आपल्या तालुक्यात हा मुद्दा बहुधा लागूच होत नाही. अनेक द्विशिक्षकी शाळांत एका इयत्तेचा पट आधीच वीस-तीसच्या आत आहे. तेथे अडचण गर्दीची नसून एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असण्याची आहे.

केवळ साधने देण्याचा अनुभव जगभर निराशाजनक आहे. केनियाच्या पश्चिम भागात ग्रामीण शाळांना पाठ्यपुस्तके वाटली तेव्हा सरासरी गुण वाढले नाहीत. आधीपासून पुढे असलेल्या मुलांनाच थोडा फायदा झाला. पुस्तके इंग्रजीत होती, अनेक मुलांची ती तिसरी भाषा होती, आणि अभ्यासक्रमच वरच्या थरातील मुलांना धरून आखलेला होता. पेरू देशाने ग्रामीण शाळांतील मुलांना लॅपटॉप दिले. सुमारे २०० डॉलरचे एक यंत्र. गणितात आणि भाषेत काहीच फरक दिसला नाही. याउलट दिल्लीत शाळा सुटल्यानंतरच्या केंद्रांमध्ये माइंडस्पार्क हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मुलांची साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ इतकी प्रगती झाली. दोन्ही ठिकाणी यंत्रच होते. फरक असा की, दिल्लीतील सॉफ्टवेअर प्रत्येक मुलाला काय येते हे तपासून तेथून पुढचे प्रश्न देत होते. सातवीतील मुलगा गणितात चौथीच्या पातळीवर असेल तर त्याला चौथीचे गणित मिळत होते. भिंतीवरचा स्मार्ट बोर्ड हे करू शकत नाही. तो सर्व मुलांना एकाच वेळी एकच धडा, फार तर अधिक रंगीत करून, दाखवतो. ‘तंत्रज्ञान’ नावाच्या एका रकान्यात या दोन गोष्टी एकत्र टाकून काढलेली सरासरी आपल्याला काहीही सांगत नाही.

मुलाला जे येते तेथून शिकवणे, हा या सर्व पुराव्यांतील समान धागा आहे, आणि माझ्या मते तुमच्या तीस लाखांतील मोठा वाटा त्यालाच मिळावा. पण ते कोणी करायचे आणि त्यामागे कोण उभे राहायचे, यावर दर ठरतो, आणि त्याबाबतचा भारतातील अनुभव तपशिलाने पाहण्यासारखा आहे.

बालसखीनंतर ‘प्रथम’ने हीच पद्धत शासकीय व्यवस्थेत नेण्याचा प्रयत्न केला. २००८ ते २०१० या काळात बिहार आणि उत्तराखंडमध्ये शासकीय शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिले गेले. बिहारमधील उन्हाळी शिबिरांत त्याच शासकीय शिक्षकांनी शिकवल्यावर मुलांची प्रगती झाली. परंतु शाळेच्या नियमित वर्षात नुसत्या प्रशिक्षणाचा आणि साहित्याचा परिणाम जवळपास शून्य राहिला. शिक्षक तेच होते, कौशल्यही होते. शाळा सुरू झाल्यावर अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या धावपळीत त्या पद्धतीला तासच मिळेना. हा धडा घेऊन २०१२-१३ मध्ये हरियाणात रोजचा एक तास वेळापत्रकातच राखून ठेवला, त्या तासाला मुलांना इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवले आणि गटस्तरावरील समन्वयकांना आधी स्वतः काही दिवस वर्ग घ्यायला लावून मग देखरेखीला पाठवले. भाषेत ०.१५ इतकी वाढ मिळाली. पुढच्या वर्षी उत्तर प्रदेशात, जेथे शाळांची अवस्था अधिक बिकट होती, संस्थेच्या कार्यकर्त्यांनी शाळेतच, शाळेच्या वेळेत, वर्षभरात मिळून सुमारे पन्नास दिवसांची शिबिरे घेतली आणि वाढ ०.६ ते ०.७ पर्यंत गेली. पद्धत तीच असताना परिणाम शून्यापासून ०.७ पर्यंत पसरला आहे. तेव्हा ‘पातळीनुसार अध्यापनाचा दर किती?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही.

आता आपल्या तीन पर्यायांचे गणित मांडतो. रकमा मी धरलेल्या आहेत. आपल्याकडील कोटेशन आणि मानधनाचे प्रचलित दर घालून ते पुन्हा करावे.

स्मार्ट बोर्ड प्रत्येकी ७५,००० रुपयांना धरला तर ४० शाळांत तीस लाख संपतात. बोर्ड पाच वर्षे टिकेल असे मानले तर वर्षाला सहा लाख, म्हणजे प्रति मूल ३०० रुपये. त्यात वीज, इंटरनेट आणि दुरुस्तीसाठी शाळेमागे वर्षाला ५,००० धरले की प्रति मूल ४०० रुपये होतात. सहायिकांचे गणित वेगळे आहे. दोन शाळांमागे एक याप्रमाणे २० सहायिका, महिना ६,००० रुपये, दहा महिने, म्हणजे बारा लाख. प्रशिक्षण, साहित्य व देखरेख यांना तीन लाख. एकूण पंधरा लाख, प्रति मूल ७५० रुपये. शिक्षकांच्या पर्यायात ८० शिक्षकांचे पाच दिवसांचे प्रशिक्षण दिवसाला माणशी ५०० रुपयांनी दोन लाख, शाळेमागे ५,००० रुपयांचे साहित्य म्हणजे आणखी दोन लाख, आणि वर्षभर शाळाशाळांत फिरून वर्गात बसणारे दोन मार्गदर्शक, २०,००० रुपये मासिक मानधनावर दहा महिने, म्हणजे चार लाख. एकूण आठ लाख. प्रति मूल ४०० रुपये.

खर्चाच्या रकान्यात बोर्ड आणि शिक्षक बरोबरीत आहेत आणि सहायिका जवळपास दुप्पट महाग. सहायिकांकडून ०.२ इतकी वाढ मिळेल असे धरले, जे बालसखीच्या अनुभवापेक्षा सावध आहे, तर ०.१ प्रगती ३७५ रुपयांना पडते. बोर्डाला ही बरोबरी साधायची तर त्याने दरवर्षी सुमारे ०.११ वाढ दिली पाहिजे, आणि नुसत्या साधनांचा वर दिलेला इतिहास पाहता तशी अपेक्षा धरण्यास आधार नाही. शिक्षकांच्या पर्यायात हरियाणाप्रमाणे ०.१५ मिळाले तर दर सुमारे २६७ रुपये येतो, म्हणजे तिन्हींत सर्वांत कमी. परंतु समजा निम्म्याच शाळांनी तो तास प्रामाणिकपणे घेतला. मग सरासरी वाढ ०.०७५ वर येते आणि दर ५३३ होतो, म्हणजे सहायिकांपेक्षा महाग.

येथेच बहुतेक अंदाजपत्रके फसतात. मंजुरीच्या बैठकीत खर्च कमी करा असे सांगितले गेले की कात्री मार्गदर्शकांच्या चार लाखांवर चालते, कारण प्रशिक्षणाचा फोटो निघतो, साहित्याची पोच मिळते, आणि पाठपुरावा नावाचे शीर्षक पुष्कळदा नमुन्यातच नसते. चार लाख वगळले की प्रति मूल खर्च ४०० वरून २०० वर येतो आणि कागदावर दर निम्मा झालेला दिसतो. बिहार आणि उत्तराखंडमध्ये नियमित वर्षात जेथे मुख्यतः एवढेच दिले होते, प्रशिक्षण आणि साहित्य, तेथे मिळालेली वाढ शून्याजवळ होती. शून्याने भागता येत नाही. पाठपुरावा हा वरखर्च नाही. त्या पर्यायात प्रगती विकत घेतली जाते ती त्याच चार लाखांत.

पाठपुरावा म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे, कारण भेट-वहीत सही करून चहा घेऊन निघणे यालाही आपल्याकडे पाठपुरावाच म्हणतात. मार्गदर्शकाने तासाच्या सुरुवातीला पोचावे. मुले इयत्तेनुसार बसली आहेत की पातळीनुसार, हे आधी पाहावे: पाचवीतील मुलगा अजून शब्द वाचत असेल तर तो तिसरीतल्या शब्द वाचणाऱ्या मुलांबरोबर बाराखडीच्या तक्त्याभोवती बसलेला दिसला पाहिजे आणि तिसरीतली गोष्ट वाचणारी मुलगी पाचवीच्या गटात. गणितात दशकाचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या मुलांच्या हातात आहेत की शिक्षकाच्या टेबलावर, तेही पाहावे. मग एखाद्या गटाला वीस मिनिटे स्वतः शिकवावे आणि शेवटी प्रत्येक गटातील दोन मुलांचे वाचन ऐकून यादीत पातळी दुरुस्त करावी. महिन्याभरानंतरही त्याच गटात तीच मुले असतील, तर पद्धत चालू नाही असे खुशाल समजावे. केंद्रप्रमुखांनी, म्हणजे परिसरातील शाळांच्या गटावर (केंद्रावर) देखरेख करणाऱ्यांनी, हे करणे आदर्श ठरेल. पण त्यांच्याकडील ऑनलाइन माहितीचा आणि बैठकांचा भार पाहता त्यांच्या एकट्याच्या भरवशावर योजना आखू नये. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत मात्र या याद्यांवर चर्चा करवून घ्यावी. त्याला पैसा लागत नाही.

माझा कल कोणत्या पर्यायाकडे आहे, हे आतापर्यंत लक्षात आले असेल. ज्या द्विशिक्षकी शाळांत शिक्षक तयार आहेत तेथे पातळीनुसार शिकवण्यासाठी राखलेला शिक्षकांचा दीड तास आणि भक्कम पाठपुरावा. ज्या शाळांत पद रिक्त आहे किंवा एकच शिक्षक कार्यरत आहे तेथे सहायिका. बहुवर्ग शाळेत पातळीनुसार गट करणे शिक्षकांना उपरेही वाटत नाही, कारण दोन इयत्ता एकत्र बसवण्याची त्यांना सवय असते. या मिश्र योजनेला पहिल्या वर्षी दहा ते बारा लाख पुरतील आणि दुसरे वर्ष हाती राहील. दुसरे वर्ष महत्त्वाचे आहे: बालसखी संपल्यानंतर वर्षभराने मुलांची आघाडी सुमारे ०.१० पर्यंत घसरली होती. एका वर्षात सगळा निधी संपवणारी योजना चांगल्या दराची दिसली तरी तिचा बराचसा भाग विरून जाऊ शकतो.

दर काढताना आणखी तीन ठिकाणी फसगत होते. पहिली शिक्षकांच्या वेळेची. शिक्षकांचा पगार शासन देते म्हणून तो तास फुकट, असे मानले जाते. प्रत्यक्षात त्या तासात पूर्वी काय होत होते, ते गेले. ते फलदायी नसेल तर खर्च नगण्य आहे, पण पाचवीचे इंग्रजी किंवा परिसर अभ्यास त्यात बुडणार असेल तर तो खर्चच आहे. शिक्षणाच्या अर्थशास्त्रात हेन्री लेव्हिन यांनी लोकप्रिय केलेली घटकनिहाय मोजणी यासाठीच आहे: पैसे कोणी दिले हे बाजूला ठेवून, वापरलेली प्रत्येक गोष्ट आधी यादीत घ्यायची, मग कोणाच्या खिशातून गेले ते लिहायचे.

दुसरी फसगत भाजकातील मुलांची. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात गावातील स्वयंसेवकांनी घेतलेल्या वाचनवर्गांना गेलेल्या मुलांना स्पष्ट फायदा झाला, पण वाचता न येणारी बहुतेक मुले वर्गाला गेलीच नाहीत. अहवालात फक्त आलेल्या मुलांची प्रगती छापली तर दर उत्कृष्ट दिसतो. गावातील सर्व मुलांवर पसरवली तर तो आकडा उरत नाही. सहायिकांचे वर्ग शाळेच्या वेळेतच घ्यावेत, असा माझा आग्रह त्यामुळेच आहे.

तिसरी, फार लहान खर्चाची. मादागास्करमध्ये पालकांना शिक्षणामुळे मिळकत किती वाढते याची माहिती दिल्यावर मुलांचे गुण वाढले, आणि खर्च जवळपास काहीच नसल्याने प्रति १०० डॉलर प्रगतीच्या तक्त्यात हा उपक्रम सर्वांच्या वर बसतो. पण मुळात तो परिणाम पालकांच्या चुकीच्या समजुती दुरुस्त झाल्याचा होता. ज्या तालुक्यात पालक आधीच शिकवणीसाठी पदरमोड करत आहेत, तेथे सांगण्यासारखे नवे काय उरते? शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ही माहिती जरूर द्यावी, त्यासाठी तीस लाखांची गरज नाही. शिक्षकांना निकालानुसार बक्षीस रक्कम देण्याचा आंध्र प्रदेशातील प्रयोगही यशस्वी होता, दोन वर्षांत गणितात ०.२७ आणि भाषेत ०.१७, परंतु सेवाशर्तींना हात घालणे एखाद्या संस्थेच्या आवाक्यातले नाही.

शेवटी मोजणीबद्दल. ४० पैकी २० शाळा चिठ्ठ्या टाकून पहिल्या वर्षी घ्याव्यात आणि उरलेल्या दुसऱ्या वर्षी. कोणाला वगळल्यासारखे होत नाही आणि तुलनेला गट मिळतो. गटशिक्षणाधिकाऱ्यांना हे पटते, चिठ्ठ्या त्यांच्यासमोरच टाकाव्यात. चाचणी ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीच्या धर्तीची तोंडी असावी: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, आणि गणितात अंकओळख, वजाबाकी, भागाकार, एका मुलाला दहा मिनिटे पुरतात. ती संबंधित शाळेच्या शिक्षकांनी घेऊ नये. अध्यापक विद्यालयाचे विद्यार्थी हे काम प्रवासखर्च आणि रोजच्या भत्त्यावर उत्तम करतात. अर्थात २० विरुद्ध २० शाळांत ०.१ इतका लहान फरक या मोजणीतून खात्रीने दिसणार नाही. मोठा फरक असेल तरच दिसेल. मार्चमध्ये एकदा आणि सुट्टीनंतर जून-जुलैमध्ये पुन्हा एकदा, अशी दोनदा चाचणी घ्यावी, कारण मे महिन्याच्या सुट्टीत शिकलेल्यातले किती विसरले जाते हे कळल्याशिवाय दुसऱ्या वर्षीचा निधी कशावर लावायचा ते ठरवता येत नाही. या दोन्ही चाचण्यांसाठी दीड लाख रुपये प्रस्तावातच वेगळे लिहून घ्यावेत. नंतर मागितल्यास निधी देणारे सहसा मान्य करत नाहीत.